ब्रँबलची जेली: स्कॉटलंडमध्ये मुलांसह रानफळे तोडण्याची आणि टिकवण्याची रीत

ब्रँबल, म्हणजे रानटी ब्लॅकबेरी, तोडायला निघण्याआधी घरातल्या रिकाम्या बरण्या मोजाव्यात. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या सखल भागात कालव्यांच्या काठाने, जुन्या लोहमार्गांवरच्या पायवाटांवर आणि शेतांच्या कडेने ही काळी रानफळे इतकी लगडलेली असतात की डबा भरत राहावे, थांबूच नये असे वाटते. पण फुकट मिळालेले फळसुद्धा घरी आणून सडले तर ते वायाच गेले, आणि ज्या पाखरांना ते मिळाले असते त्यांचाही घास गेला. एक किलो फळांतून साधारण ३४० ग्रॅमच्या दोन, फार तर तीन बरण्या जेली होते. आपल्या घरी वर्षभरात चार बरण्या संपत असतील आणि शेजारी, मित्र यांना दोन द्यायच्या असतील, तर अडीच ते तीन किलो फळे पुरेशी आहेत. हा हिशेब मुलांसमोर, शक्य असल्यास मुलांकडूनच करून घ्यावा, म्हणजे रानात गेल्यावर ‘आता पुरे’ हे मोठ्यांना सांगावे लागत नाही. मुलेच वजनाचा अंदाज घेऊन थांबतात.

तीन किलो फळे एका दिवसात तोडायची गरज नसते, आणि लहान मुले बरोबर असतील तर ते जमतही नाही. दर शनिवारी-रविवारी अर्धा-पाऊण किलो फळे आणावीत, धुवून, पाणी निथळवून, ताटात एकेक पसरून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि कडक झाली की पिशवीत भरावीत. पुरेशी साठली की सगळी एकदम शिजवावीत. गोठवलेल्या फळांची जेली ताज्या फळांइतकीच चांगली होते, आणि रानातल्या एकाच जाळीवर सगळा भार पडत नाही.

कुठे जावे

एडिनबराहून फॉलकर्कपर्यंत जाणाऱ्या युनियन कालव्याचा काठ, फोर्थ आणि क्लाइड कालव्याचा काठ, एडिनबराच्या उत्तर भागातल्या जुन्या रेल्वेमार्गांवरच्या पायवाटा, ॲबर्डीनहून निघणारा डीसाइड मार्ग, फाइफचा किनारी मार्ग अशा ठिकाणी ब्रँबलच्या जाळ्या भरपूर आढळतात आणि मुलांना चालायलाही या वाटा बहुतेक ठिकाणी सपाट आणि सोप्या आहेत. गाडी काढण्याची आवश्यकता बहुधा पडत नाही. ३१ जानेवारी २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये पाच ते एकवीस वर्षे वयाच्या मुलामुलींना पात्र कार्डावर बसचा प्रवास मोफत आहे. हे कार्ड अजून काढले नसेल तर शाळा उघडताच काढून घ्यावे, कारण ऑगस्टच्या मध्याला शाळा सुरू होते आणि लगेच फळांचा हंगाम येतो. ऑक्टोबरमधली शाळेची सुट्टी हंगामाच्या शेवटाला येते. या सुट्टीला जुनी माणसे अजूनही ‘टॅटी हॉलिडेज’ म्हणतात, कारण पूर्वी या दिवसांत शाळकरी मुले शेतांवर बटाटे काढायला जात असत. उन्हाळ्यात ब्लेअरगावरीच्या रासबेरीच्या मळ्यांवर डंडीतली कुटुंबे आणि भटक्या समाजाची माणसे फळे तोडायला उतरत. १९५० च्या दशकात लोकगीतांचे संग्राहक हेमिश हेंडरसन यांनी याच मळ्यांवर जाऊन भटक्यांची पारंपरिक गाणी ध्वनिमुद्रित केली. मुलांना बरोबर घेऊन फळे तोडण्याची सवय या भूमीत जुनी आहे, आणि परदेशातून येऊन इथे राहणाऱ्या कुटुंबाला तिच्यात सहज सामील होता येते.

रहदारीच्या रस्त्यालगतची फळे घेऊ नयेत. जुन्या कारखान्यांच्या किंवा कचरा टाकलेल्या जमिनीवरची फळेही टाळावीत. पायवाटेच्या कडेची पाने अचानक पिवळी किंवा करपलेली दिसली, तर तिथे तणनाशक फवारलेले असण्याचा संभव असतो. अशी जागा सोडून पुढे जावे. कुत्री फिरवण्याच्या वाटांवर गुडघ्याच्या खालच्या उंचीवरची फळे तोडू नयेत, याचे कारण वेगळे सांगायला नको.

हक्क कोठवर आहे

२००३ च्या जमीन सुधारणा (स्कॉटलंड) कायद्याने इथे प्रत्येकाला बहुतेक सर्व जमिनीवर आणि अंतर्गत जलाशयांवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला आहे. तो फेब्रुवारी २००५ पासून अमलात आहे. जमीन खासगी असली तरी हा हक्क लागू होतो, आणि सह्याद्रीत किंवा कोकणात कुंपण दिसले की मागे फिरण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना सुरुवातीला त्यावर विश्वास बसत नाही. मात्र घर आणि त्याभोवतीची बाग, शाळेचे आवार, पीक उभे असलेले शेत यांना तो लागू नाही. पिकाच्या शेतात बांधाच्या कडेने, पेरणी नसलेल्या पट्ट्यावरून चालता येते. फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवावे. गाईंबरोबर वासरे असतील तर त्या कुरणात मुलांना घेऊन शिरू नये. लांबचा वळसा पडला तरी चालेल.

या हक्कात एक स्पष्ट मर्यादा आहे आणि ती मला अतिशय योग्य वाटते. विक्रीसाठी किंवा नफ्यासाठी जमिनीवरून काहीही उचलून नेणे त्यात बसत नाही. घरापुरती रानफळे तोडण्याची रूढी इथे सर्वमान्य आहे, पण त्याच फळांची जेली बाटलीत भरून विकायला काढली की आपण त्या रूढीच्या बाहेर गेलो. जेली घरी खावी किंवा कुणाला द्यावी. जमीनमालकाने किंवा तिथल्या कर्मचाऱ्याने हरकत घेतली तर वाद न घालता दुसरी जागा शोधावी, आणि राखीव निसर्गक्षेत्रात तिथले नियम आधी विचारून घ्यावेत. शिवाय १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्यानुसार मालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणे गुन्हा आहे. तेव्हा घरच्या बागेत लावायला म्हणून ब्रँबलचे रोप उपटून आणू नये.

फळ ओळखणे आणि तोडणे

ब्रँबलच्या फांद्या लांब, कमानीसारख्या वाकलेल्या आणि काटेरी असतात. पान तीन किंवा पाच पर्णिकांचे असते. फळ म्हणजे रसाने भरलेल्या बारीक गोळ्यांचा घोस असतो, आणि तोडताना मधला पांढरट गाभा फळाबरोबरच येतो. रासबेरीचा गाभा झाडावरच राहतो आणि फळ आतून पोकळ निघते. ज्याने करवंदाच्या जाळीत हात घालून काटे सोसले आहेत, त्याला ब्रँबलची जाळी परकी वाटणार नाही. मुलांना मात्र एकच नियम पाठ करवावा: मोठ्यांना दाखवल्याशिवाय कोणतेही फळ तोंडात घालायचे नाही. ब्रँबलसारखे घोसाचे फळ असलेली घातक विषारी वनस्पती इथे नाही, पण गुळगुळीत, एकेरी काळी किंवा लाल फळे असलेल्या अनेक वनस्पती त्याच कुंपणात वाढतात आणि त्यांतली काही विषारी असतात. लहान मुलाला तो फरक घाईत कळत नाही.

फांदीच्या टोकाचे फळ सर्वांत आधी पिकते आणि तेच सर्वांत गोड असते. त्यामागची फळे नंतर तयार होतात आणि हंगामाच्या शेवटची फळे बहुधा बियाळ आणि पाणचट निघतात. पूर्ण पिकलेले फळ हलक्या ओढीने सुटते. ओढूनही सुटत नसेल तर ते कच्चे आहे असे समजून तसेच ठेवावे. जेलीसाठी मात्र मूठभर लालसर, अर्धकच्ची फळे मुद्दाम घ्यावीत, कारण जेली घट्ट करणारे पेक्टिन अतिपिकलेल्या फळांत कमी असते.

तोडायला कडक डबा न्यावा. आइस्क्रीमचा किंवा दह्याचा रिकामा डबा उत्तम. पिशवीत खालची फळे चेंगरतात आणि रस वाटेतच गळून जातो. उंचावरची फांदी छत्रीच्या वाकड्या मुठीने अलगद खाली ओढावी आणि फळे घेऊन सोडून द्यावी. ती कापू किंवा मोडू नये. एका जाळीवरून दोन-तीन मुठी घ्याव्यात आणि पुढे चालावे, जाळी कितीही भरलेली असली तरी. अगदी वरची फळे तशीच राहू द्यावीत. ब्लॅकबर्ड आणि थ्रश हे पक्षी इथे बारमाही राहतात, आणि ऑक्टोबरपासून स्कँडिनेव्हिया आणि आइसलँडकडून रेडविंगांचे थवे उतरतात. रोवन आणि हॉथॉर्न या झाडांची फळे आणि उरलीसुरली ब्रँबल यांवर त्यांचा हिवाळ्याचा पहिला काळ निघतो. सडू लागलेल्या फळांवर गांधीलमाश्या बसलेल्या असतात, म्हणून हात घालण्याआधी मुलांना नीट पाहायला शिकवावे.

अंगावर लांब बाह्यांचे कपडे आणि लांब विजार असावी, विजारीचे टोक मोज्यात खोचलेले असावे. कारण काट्यांपेक्षाही गोचीड हे आहे. स्कॉटलंडमधल्या गोचिडांतून लाइम रोगाची बाधा होऊ शकते, आणि गोचीड केवळ दूरच्या डोंगराळ भागातच असते असे नाही. ते शहराजवळच्या गवतात आणि नेच्यांतही असते. घरी परतल्यावर प्रत्येक मुलाच्या काखा, गुडघ्यामागचा भाग, कंबर, कानामागचा भाग आणि केसांची कड तपासावी. गोचीड आढळल्यास औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या खास आकड्याने किंवा बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीच्या अगदी जवळ धरून, सरळ ओढून काढावे. त्यावर तेल किंवा तूप लावू नये. पुढच्या काही आठवड्यांत चावल्याजागी पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला किंवा मुलाला ताप, अंगदुखी जाणवली तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे सांगून दाखवावे.

ब्रँबलवर हात बसला की मुले ब्लेबेरीच्या, म्हणजे ब्लूबेरीच्या रानटी नातलगाच्या, मागे लागतात. ही बुटकी झुडपे हीदरच्या माळांवर आणि पाइनच्या जुन्या जंगलांत वाढतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये फळतात. इथे मी अधिक सावध राहण्यास सांगेन. केर्नगॉर्म भागातल्या पाइन जंगलांत कॅपरकेली हा मोठा रानकोंबडा राहतो. २०२१-२२ च्या गणनेनुसार संपूर्ण स्कॉटलंडमध्ये त्यांची संख्या ५३० च्या आसपास होती. त्याची पिल्ले ब्लेबेरीच्या झुडपांवरच्या अळ्यांवर वाढतात आणि माणसाच्या चाहुलीने माद्या विचलित होतात. एप्रिल ते ऑगस्ट या काळात अशा जंगलात पायवाट सोडूच नये, मग वाटेपासून चार हातांवर फळे दिसत असली तरी. एक वाडगा ब्लूबेरी दुकानातूनही मिळते.

साखरेची निवड

जेलीत फळांच्या रसाइतकीच साखर महत्त्वाची असते आणि ती रानातून येत नाही, म्हणून तिचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. ब्रिटनमध्ये बिटापासून आणि उसापासून अशी दोन्ही प्रकारची साखर मिळते. बिटाची साखर इंग्लंडच्या पूर्व भागात पिकणाऱ्या बिटापासून होते. स्कॉटलंडमध्येही फाइफमधल्या कूपर इथे बिटाचा कारखाना होता, तो १९७१ मध्ये बंद झाला. जवळचे पीक हवे असेल तर बिटाची साखर घ्यावी. उसाची घ्यायची असेल तर ‘फेअरट्रेड’ची, म्हणजे उत्पादकांना रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराची, खूण पाहून घ्यावी. मलावी आणि बेलिझमधल्या ऊस उत्पादकांची साखर या खुणेखाली येते. स्कॉटलंडला २०१३ मध्ये ‘फेअर ट्रेड राष्ट्र’ म्हणून मान्यता मिळाली आणि बहुतेक मोठ्या दुकानांत ही साखर सहज उपलब्ध असते. ऊसतोडीसाठी दरवर्षी बीडकडून मुलाबाळांसह घर हलवणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना किलोमागे थोडे अधिक पैसे का द्यावेत हे समजावण्याची गरज नाही. मुलांनाही ही गोष्ट जेली ढवळताना सांगावी. फळ कोणी तोडले हे त्यांना ठाऊक असते. साखर कोणी तोडली, हेही त्यांना कळावे.

जेली करण्याची कृती

प्रमाण असे: ब्रँबल १ किलो, आंबट स्वयंपाकी सफरचंद १ मोठे, पाणी २५० मिलिलिटर, एका लिंबाचा रस आणि गाळलेल्या प्रत्येक ६०० मिलिलिटर रसास ४५० ग्रॅम साखर. सफरचंद साल आणि बियांसह चिरून घालावे, कारण पेक्टिन मुख्यतः तिथेच असते. फळांत बारीक अळ्या असण्याची शक्यता असते, म्हणून ताजी फळे मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून नंतर साध्या पाण्यातून काढावीत.

फळे, सफरचंद आणि पाणी जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे आणि पळीच्या पाठीने चेचत राहावे. हे मिश्रण आंबट असल्यामुळे कल्हई नसलेले पितळेचे भांडे वापरू नये. नंतर उकळत्या पाण्यातून काढलेले मलमलीचे कापड किंवा स्वच्छ पंचा चाळणीत पसरून त्यात मिश्रण ओतावे, चारही टोके बांधून पुरचुंडी टांगावी आणि खाली पातेले ठेवून रात्रभर रस ठिबकू द्यावा. पुरचुंडी पिळण्याचा मोह आवरावा. पिळली तर रस थोडा अधिक निघतो, पण जेली गढूळ होते. मुलांना ही वाट पाहणे अवघड जाते, म्हणून हा भाग त्यांच्या झोपेच्या वेळेआधी सुरू करावा.

सकाळी रस मोजून त्याप्रमाणे साखर घ्यावी. पातेले निम्म्याहून अधिक भरू नये, कारण उकळताना फेस वर येतो. रसात लिंबाचा रस आणि साखर घालून मंद आचेवर ढवळावे आणि साखरेचा एकही दाणा बुडाला जाणवत नाही तोवर आच वाढवू नये. साखर विरघळण्याआधी उकळी आली तर पुढे जेलीत खडे धरतात. त्यानंतर आच मोठी करून न ढवळता उकळावे. पाणी आटत जाते तसे साखरेचे प्रमाण वाढते आणि त्याबरोबर उकळण्याचे तापमानही चढते. १०५ अंश सेल्सिअसच्या सुमारास जेली धरण्याजोगी होते. या टप्प्यावर मुलांना चुलीपासून दूर ठेवावे, कारण उकळत्या पाकाचा थेंब पाण्यापेक्षा वाईट भाजतो.

तापमापक नसेल तर बशीची परीक्षा करावी. दोन बश्या आधीच फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. आठ-दहा मिनिटे उकळल्यावर आच बंद करून थोडा पाक थंड बशीवर टाकावा, एक मिनिट थांबावे आणि बोटाने ढकलून पाहावे. वर सुरकुती पडली तर जेली तयार आहे, न पडल्यास पुन्हा दोन-तीन मिनिटे उकळावे. मोरांब्यासाठी आपण एकतारी-दोनतारी पाक बोटांत धरून पाहतो, पण तो अंदाज इथे चालत नाही, कारण जेली पेक्टिनमुळेही घट्ट होते आणि तार येईपर्यंत थांबल्यास ती चामट होते.

बरण्या तोवर तयार असाव्यात. गरम साबणाच्या पाण्याने धुवून, ओल्याच १४० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे ठेवाव्यात. झाकणे उकळत्या पाण्यातून काढावीत. लोणच्याच्या बरणीची काच पुन्हा वापरण्यास हरकत नाही, पण तिचे झाकण वापरू नये, कारण त्याच्या आतल्या थरात मसाल्याचा आणि तेलाचा वास मुरलेला असतो. नवी झाकणे सुटी विकत मिळतात. पाकावरचा फेस झाऱ्याने काढून गरम पाक गरम बरण्यांत काठापर्यंत भरावा, लगेच झाकण लावावे आणि बरण्या थंड होईपर्यंत हलवू नयेत. थंड झाल्यावर नाव, ठिकाण आणि महिना लिहून मुलांनी चिठ्ठ्या लावाव्यात. अंधाऱ्या, कोरड्या जागी ही जेली वर्षभर टिकते. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावी. टोस्ट, ओटकेक, पॉरिज आणि चपाती या सर्वांबरोबर ती खाता येते. ग्लासगोत तर पावाला जेली किंवा जॅम लावून मुलांच्या हाती द्यायच्या तुकड्याला ‘जीली पीस’ असे खास नाव आहे.

दुसऱ्या दिवशीही जेली पातळच राहिली तर ती पुन्हा पातेल्यात ओतून, आणखी एका लिंबाचा रस घालून उकळावी आणि बशीची परीक्षा नव्याने करावी. तरीही धरली नाही, तर तिचे सरबत समजून थंड पाण्यात किंवा दह्यात घालावे. चव तीच असते.

पुरचुंडीत उरलेला चोथाही टाकू नये. तो पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून घासून काढला की बिया आणि साली मागे राहतात आणि घट्ट गर मिळतो. गराच्या चौथ्या हिश्शाइतकी साखर घालून तो पाच मिनिटे शिजवावा आणि आंबापोळीप्रमाणे तेलाचा हात लावलेल्या ताटात अगदी पातळ पसरावा. स्कॉटलंडच्या सप्टेंबरमधल्या उन्हावर पोळी वाळण्याची आशा धरू नये. ओव्हन ७० अंशांवर ठेवून, दार किंचित उघडे ठेवून पाच-सहा तास वाळवावी. बोटाला चिकटेनाशी झाली की कापून, तुकड्यांमध्ये बेकिंगचा कागद घालून फ्रीजमध्ये डब्यात ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावी.